दृढीकरणाचा वर्ग निरोप समारंभ होऊ नये म्हणून

गेल्या पाच वर्षांत ज्यांचं दृढीकरण (कन्फर्मेशन, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्याने आपला विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी) झालं, त्या मुलांची यादी काढा. येत्या रविवारी मागच्या बाकावर बसा आणि त्यातली किती उपासनेला आलीत ते मोजा. मी आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, हे केलं, तेव्हा एका हाताची बोटं पुरली. यादीतल्या बऱ्याच मुलांना मीच शिकवलं होतं. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, विश्वासांगीकार (ख्रिस्ती विश्वासाचा ठरलेला सारांश), सगळं त्यांना तोंडपाठ होतं. बिशपसाहेबांसमोर एकही अडखळला नव्हता.

चूक शिकवण्यात कमी आणि क्रमात जास्त होती. आपण पाठांतराने सुरुवात करतो आणि बिशपसाहेबांच्या भेटीला शेवट मानतो. सुरुवात घरातून व्हायला हवी आणि शेवट दृढीकरणानंतर वर्षभराने. खालचा क्रम त्या हिशोबाने लावला आहे. तो सीएनआयसारख्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), बिशपांच्या हस्ते दृढीकरण होणाऱ्या मराठी मंडळ्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिलाय. कॅथलिक धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) पहिलं कम्युनियन, म्हणजे भाकर-द्राक्षरसाचं पहिलं प्रभुभोजन, दृढीकरणाच्या आधी होतं, त्यामुळे तिथे काही टप्पे पुढेमागे होतील. जिथे मोठेपणी, स्वतःच्या कबुलीवर बाप्तिस्मा देतात, तिथे ‘दृढीकरण’ऐवजी ‘बाप्तिस्मा’ वाचा. बाकी काम तेच.

१. एप्रिल-मे: नोंदवही काढा, घरी जा

मंडळीच्या कपाटातली बाप्तिस्म्याची नोंदवही काढा आणि बारा ते पंधरा वयाच्या सगळ्या मुलांची नावं एका कागदावर उतरवा. रविवारी दिसणारी मुलं लिहून भागत नाही. न दिसणारी मुलं या वहीतच सापडतात. ज्यांचा लहानपणी बाप्तिस्मा झाला नाही किंवा जी दुसऱ्या मंडळीतून आली, त्यांची वेगळी यादी करून पाळकसाहेबांना (मंडळीच्या धर्मगुरूंना) आत्ताच दाखवा. बाप्तिस्म्याचा प्रश्न दृढीकरणाच्या आदल्या आठवड्यात निघाला की फार अवघडल्यासारखं होतं.

मग घरभेटी. दोघांनी जायचं, आधी फोन करून. चहा होईपर्यंत वर्गाचा विषय काढू नका. या चार गोष्टी मात्र कळल्याच पाहिजेत:

मुलाला मराठी वाचता येतं का, की नुसतं बोलता येतं? रविवारी सकाळी क्लास किंवा टेस्ट असते का? घरात प्रार्थना कोण घेतं? आईवडिलांपैकी कुणी दुसऱ्या धर्माचं किंवा दुसऱ्या पंथाचं आहे का?

शेवटचा प्रश्न हळू आवाजात विचारायचा. त्यातून फक्त एवढं ठरवायचं, की त्या घराला आपण काय सांगायचं आणि काय सांगायचं नाही. पालक दोन वेगळ्या धर्मांचे असतील तर वर्गासाठी दोघांची लेखी संमती घ्या. मुलांच्या मित्रमैत्रिणी सोबत येऊन बसल्या, तरी त्यांच्या घरी विचारल्याशिवाय त्यांचं नाव वर्गाच्या हजेरीत घालायचं नाही.

तपासा: यादीतल्या प्रत्येक नावापुढे भेटीची तारीख लिहिलेली आहे का? ‘फोन केला होता’ ही भेट धरू नका.

२. शिक्षक निवडताना

आपल्याकडे वर्ग बहुधा पाळकांच्या गळ्यात पडतो. पाळकांची बदली होते आणि वर्गही त्यांच्या सामानाबरोबर जातो. म्हणून वर्ग मंडळीतल्या दोघांनी चालवायचा, एक बाई आणि एक पुरुष. पाळकांनी वर्षातून सहा-सात वेळा यायचं आणि अवघड विषय घ्यायचे.

माणसं निवडताना वक्तृत्वाकडे बघू नका. उपासना संपल्यावर वीस मिनिटं रेंगाळणारा, मुलांची नावं माहीत असलेला आणि ‘मला माहीत नाही’ म्हणताना न लाजणारा माणूस हवा. आमच्याकडची सगळ्यात चांगली शिक्षिका एसटीत कंडक्टर होती. तिला शास्त्र (बायबल) बेताचं येत होतं, पण कुठल्या मुलाचे वडील पितात आणि कुणाची फी थकली आहे, हे तिला पाठ होतं.

इशारा: हे नियम लिहून काढा आणि पंचकमिटीच्या (मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीच्या) बैठकीत मंजूर करून घ्या. कुणीही मोठा माणूस मुलासोबत बंद खोलीत एकटा बसणार नाही. व्हॉट्सअॅपचा ग्रुप पालकांचा असेल, शिक्षक मुलांशी खासगी चॅट करणार नाहीत. शिबिराला पालकांच्या सहीशिवाय कुणी येणार नाही. मुलाने छळाबद्दल काही सांगितलं तर ते मंडळीतल्या मंडळीत मिटवायचं नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना किंवा बाल पोलीस पथकाला कळवणं २०१२च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८ वर्गाच्या भिंतीवर लावा. ‘मंडळीचं नाव खराब होईल’ असं म्हणणारा कुणी ना कुणी असतोच. त्याला हा कायदा वाचून दाखवा.

३. वर्षाचं गणित

जूनच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत चाळीसेक रविवार मिळतात. त्यातून सहामाही परीक्षा, दिवाळीची सुट्टी, अख्खा डिसेंबर आणि वार्षिक परीक्षा वजा करा. धो धो पावसाचे एक-दोन रविवारही जातात. उरतात अठ्ठावीस-तीस. वर्ग चोवीसच धरा. चाळीस वर्ग कागदावर मांडणाऱ्यांची फेब्रुवारीत पळापळ होते आणि शेवटचे आठ विषय एका शनिवारी ‘उरकले’ जातात. गंमत म्हणजे त्या आठांत प्रभुभोजन हमखास असतं.

मुलं आठवी-नववीची घ्या. दहावीच्या वर्षाला हात लावू नका. बोर्डाची परीक्षा आणि दृढीकरण यांच्या ओढाताणीत काय जिंकतं हे सांगायला नको. वरून मुलाच्या मनात मंडळी आणि ताण यांची कायमची गाठ बसते.

बिशपसाहेबांची तारीख जूनमध्येच मागा. ती परीक्षा संपल्यानंतरची आणि गावाला जायच्या आधीची असावी. पण तारीख मिळाली म्हणून अख्खी तुकडी त्या दिवशी उभी करायची सक्ती नाही. का, ते नवव्या टप्प्यात येईल.

डिसेंबर मोकळा ठेवला तो नाताळच्या तयारीसाठी. रात्री घरोघर गाणी म्हणत फिरणं हाच त्या महिन्याचा वर्ग. फक्त एक करा: अंथरुणाला खिळलेल्या माणसांची घरं आधी घ्या, चिवडा-केक मिळणारी नंतर.

४. पालकांची बैठक आणि घरची प्रार्थना

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या. वर्ग आठवड्यातून एक तास भरतो आणि घर रोज असतं. प्रेषित पौलाने आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात तीमथ्याच्या विश्वासाचा माग काढलाय, तो आजी लोईस आणि आई युनीके यांच्यापर्यंत. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातही शिकवायच्या जागा म्हणून घर, वाट, झोपायची वेळ आणि उठायची वेळ एवढंच सांगितलं आहे.

पहिल्या वर्गाच्या आधी पालकांची एक बैठक घ्या, दिवाळीनंतर दुसरी, दृढीकरणाआधी महिनाभर तिसरी. पहिल्या बैठकीत भाषण नको. दहा मिनिटांची घरची प्रार्थना कशी घ्यायची, ती तिथेच सगळ्यांसोबत घेऊन दाखवा:

एक गाणं, दोनच कडवी. सुरुवात आजी किंवा आजोबांनी करायची.

मार्कच्या शुभवर्तमानातली (बायबलमधल्या येशूच्या चरित्रातली) दहा वचनं, मुलाने वाचायची. मार्कमध्ये सोळा अध्याय आणि पावणेसातशेच्या आसपास वचनं आहेत. रोज दहा वाचली तर सव्वादोन महिन्यांत पूर्ण पुस्तक होतं, मधले चार-सहा दिवस बुडाले तरी अडीच.

एकच प्रश्न: ‘यात तुला काय विचित्र वाटलं?’ ‘तू यातून काय शिकलास?’ हे विचारू नका. त्याचं उत्तर मुलाला आधीच माहीत असतं, आपण चांगलं वागावं. विचित्र काय वाटलं म्हटलं की मूल खरंच वचनात डोकावतं. गरसेकरांच्या मुलखात भुतं शिरून डुकरांचा कळप समुद्रात बुडाला तेव्हा त्या डुकरांच्या मालकाचं काय झालं, असं एका घरी एका मुलीने विचारलं. वडिलांना त्या रात्री उत्तर सुचलं नाही. पण पुढचा आठवडाभर त्या घरात प्रार्थनेला कुणाला हाक मारावी लागली नाही.

शेवटी मुलाने एका माणसासाठी एका वाक्यात प्रार्थना करायची. ‘आमेन’ म्हणायचं आणि जेवायला बसायचं.

नेहमीच्या चुका

प्रार्थनेतून बोलणी खाऊ घालणं. ‘हे प्रभू, याला मोबाईल कमी बघायची बुद्धी दे, आईवडिलांच्या कष्टांची जाणीव दे…’ डोळे मिटलेल्या मुलाला बरोबर कळतं की हे देवाला नाही, आपल्याला सांगणं चाललंय. ही चूक मीही वर्षानुवर्षं केली. माझ्या मुलाने एकदा डोळे उघडून ‘पप्पा, मला सरळ सांगा ना’ म्हटलं, तेव्हा कुठे थांबलो.

वेळ ताणणं. दहा मिनिटांची वीस झाली की पुढच्या आठवड्यात ती शून्य होते.

टीव्हीवरची मालिका अर्ध्यात बंद करून बोलावणं. मालिकेच्या आधी बसा, नाहीतर नंतर. देवाला मालिकेशी भांडायला लावू नका.

वडील घरात असताना प्रार्थना फक्त आईवर सोडणं. तेराव्या वर्षी मुलगा वडिलांकडे बघून ठरवतो की हे बायकांचं काम आहे की सगळ्यांचं.

पालकांना प्रार्थना घ्यायची लाज वाटत असेल, आणि पुष्कळांना वाटते, तर पहिले दोन आठवडे नुसतं वाचन करा. शब्द नंतर सुचतात.

तपासा: ऑगस्टमध्ये मुलांना सहज विचारा, ‘मार्क कुठवर आलं?’ निम्म्या घरांत सुरूच झालं नसेल तर वर्गाचा पुढचा विषय थांबवा आणि पुन्हा घरभेटीला निघा.

५. विषयांचा क्रम

जुना क्रम असा असतो: विश्वासांगीकार, दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, विधी. म्हणजे गोष्ट माहीत व्हायच्या आधी गोष्टीचा सारांश पाठ. तो उलटा करा. चोवीस वर्गांची वाटणी अशी:

मार्क १०, प्रभूची प्रार्थना ३, विश्वासांगीकार ४, दहा आज्ञा २, बाप्तिस्मा २, प्रभुभोजन २, मंडळीचा कारभार १.

मार्क शिकवताना एकच प्रश्न धरून चाला: हा कोण आहे? चौथ्या अध्यायात वादळ शांत झाल्यावर शिष्य घाबरून हेच विचारतात. आठव्यात पेत्र उत्तर देतो आणि लगेच चुकतोही. पंधराव्यात वधस्तंभापाशी एक रोमी शताधिपती (सैन्यातला अधिकारी) उत्तर देतो. हे तीन थांबे मुलांनी स्वतः शोधले, तर मग विश्वासांगीकार पाठ करून घ्यायला दोन रविवार पुरतात.

नाहीतर काय होतं ते सांगतो. आमच्या वर्गात एक मुलगा विश्वासांगीकार एका दमात म्हणायचा. ‘पंतय पिलाताच्या कारकिर्दीत’ इथे आला की त्याचा आवाज जरा चढायचा. एकदा मी थांबवून विचारलं, हा पंतय पिलात कोण? तो म्हणाला, ‘पंत म्हणजे पेशव्यांकडचे असतील ना, सर?’ पिलात म्हणजे येशूला वधस्तंभाची शिक्षा देणारा रोमी सुभेदार. वर्ग हसला, मी नाही हसलो. दोन वर्षं मी त्याच्याकडून ते म्हणून घेत होतो आणि एकदाही विचारलं नव्हतं.

दहा आज्ञा शिकवताना बायबलमधल्या ‘निर्गम’ पुस्तकाचा विसावा अध्याय एकटा घेऊ नका. आधी गुलामगिरी आणि सुटका, मग आज्ञा. आज्ञांची सुरुवातच ‘ज्याने तुला मिसर देशातून बाहेर आणले’ या ओळखीने होते. ती वगळली की उरते नुसती नियमांची पाटी.

मंडळीच्या कारभाराचा एक वर्ग उगाच ठेवलेला नाही. त्या दिवशी खजिनदारांना बोलवा आणि वर्षाचा हिशोब मुलांसमोर मांडा: वर्गणी किती जमली, वीजबिल किती आलं, छताच्या दुरुस्तीला किती गेले. मुलं या वर्गाला जितके प्रश्न विचारतात तितके इतर कुठल्याच वर्गाला विचारत नाहीत. खजिनदार कुरकुर करतील. करू द्या.

वर्गाची वेळ पन्नास मिनिटं. शिक्षकाने सलग दहा मिनिटांपेक्षा जास्त बोलायचं नाही. घड्याळ मुलांच्या हातात द्या, ती इमानदारीने थांबवतात.

६. भाषेची अडचण आधी सोडवा

शहरातली, आता तालुक्याच्या गावातलीही बरीच मुलं इंग्रजी शाळेत जातात. घरी मराठी बोलतात, पण ‘आम्हांस’, ‘तुजकडे’, ‘पाचारण’ असे शब्द समोर आले की गप्प होतात. गीतांच्या पुस्तकातला गाण्याचा क्रमांक देवनागरीत असल्यामुळे पानच सापडत नाही आणि मूल पूर्ण गाणंभर नुसतं उभं राहतं. आपण म्हणतो, त्याला आवड नाही.

उपाय तीन आहेत. पहिल्या महिन्यात दर वर्गाला पाच मिनिटं देवनागरी आकडे आणि जोडाक्षरं वाचून घ्या. लाजू नका, लाजवू नका. वाचन जोडीने करा, एकाकडे मराठी शास्त्र, दुसऱ्याकडे इंग्रजी. आणि मोठ्या शब्दांची एक वही ठेवा, दर रविवारी एक शब्द.

शब्द उलगडताना आजूबाजूच्या मराठीचाच उपयोग करा. ‘तारण’ हा शब्द मुलांनी बँकेच्या पाटीवर वाचलेला असतो: सोने तारण कर्ज. तिथून सुरू करा. दागिना अडकला आहे, तो सोडवायला कुणीतरी पैसे भरले आणि दागिना घरी आला. मग शास्त्रातली सोडवणूक दाखवा. ‘साक्ष’ कोर्टातून घ्या: साक्षीदार पाहिलेलं सांगतो, ऐकीव सांगत नाही. ‘मंडळी’ तर घरचाच शब्द. ‘काय मंडळी, जेवलात का?’ यातली मंडळी म्हणजे माणसं, इमारत नव्हे. एवढं कळलं तरी पुरे.

गाणी मात्र मराठीतच ठेवा, विशेषतः भजनं. ना. वा. टिळकांची भजनं आपल्या पुस्तकात आहेतच. पेटी-तबल्यावर चाल बसवून घ्या, कराओकेचा ट्रॅक लावून नको. मुलांची इंग्रजी गाणी त्यांच्या युवक सभेत गाऊ द्या. गिटार आली म्हणून विश्वास गेला नाही आणि पेटी आहे म्हणून टिकलाही नाही.

घरी करायला एक काम: आजीला पाठ असलेलं, पुस्तकात न बघता म्हणता येणारं एक गाणं मुलाने फोनवर रेकॉर्ड करायचं आणि शब्द लिहून आणायचे. कोणी आजारी असताना, कोणाच्या दफनाच्या रात्री ते म्हटलं होतं, हे आजी आपणहून सांगते. ते वहीच्या खाली लिहायला सांगा.

७. प्रश्नपेटी

बिस्किटांचा रिकामा डबा घ्या, झाकणाला चीर पाडा. नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. पहिले दोन रविवार डबा रिकामाच राहतो किंवा ‘देवाला कुणी बनवलं’ अशी शाळकरी चिठ्ठी निघते. तिसऱ्या-चौथ्या रविवारी खरं यायला लागतं. ‘आजोबांसाठी सगळ्यांनी प्रार्थना केली तरी ते गेले.’ ‘वर्गात म्हणतात तुमचा धर्म इंग्रजांचा.’ ‘गणपतीत मित्राच्या घरी प्रसाद दिला तर घ्यायचा का?’ ‘मला विश्वास वाटत नाही, पण मम्मीला सांगू नका.’

नियम असे: चिठ्ठी कुणाची, याचा अंदाज बांधायचा नाही. उत्तर त्याच दिवशी द्यायची घाई नाही. ‘पुढच्या रविवारी’ म्हटलं तर पुढच्या रविवारी दिलंच पाहिजे.

आजोबांच्या चिठ्ठीला उत्तर देऊच नका. तशीच माणसं गमावलेल्या एका जुन्या सभासदाला वर्गात बोलवा आणि बोलू द्या. प्रसादाच्या प्रश्नावर पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचे आठ ते दहा अध्याय वाचा. आपल्या घराघरांत यावर वेगवेगळी रीत आहे हे मोकळेपणाने सांगा, आणि मित्राच्या श्रद्धेची टिंगल कुठल्याही बाजूने चालणार नाही हेही. विश्वास वाटत नाही म्हणणाऱ्यासाठी मार्कच्या नवव्या अध्यायातला बाप आहे: माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवायला मदत कर, असं एकाच दमात ओरडणारा. येशूने त्याला परत पाठवलं नाही, मुलगा बरा केला.

इशारा: ‘असे प्रश्न विचारू नयेत’ हे वाक्य वर्गात एकदा उच्चारलं की डबा कायमचा रिकामा.

८. काम द्या, पण माणसासोबत

ऑगस्टपासून प्रत्येक मुलाला एक काम. काम देताना सोबत एक मोठा माणूस जोडायचा, आईवडील सोडून. साउंडचं मशीन, दानार्पण मोजणं, फुलं, पेटी, कब्रस्तानाची साफसफाई, आजाऱ्यांची भेट. हंगामाच्या सणाला (पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या दिवशी) भोपळे, अंडी, कोंबड्या यांचा लिलाव होतो, त्याची नोंद मुलांकडे द्या. कोणी दोनशेच्या भोपळ्याला हजार का मोजले, हे त्या मुलाला पुढचा आठवडाभर कळत नाही. तो विचारेलच, आणि दानाचा धडा तिथेच होतो.

शास्त्रपाठ वाचायला देणं हे सगळ्यात सोपं काम वाटतं आणि तिथेच सर्वात मोठा घोटाळा होतो. आमच्याकडे एका मुलाला ऐन उपासनेच्या आधी दानीएलाचा उतारा हातात दिला. ‘नबुखद्नेस्सर’ला तो अडला, पुन्हा म्हणाला, पुन्हा अडला. पहिल्या बाकावरून कुणीतरी खुसखुसलं. मुलाने मान खाली घालून उतारा संपवला आणि पुढची दोन वर्षं तो त्या पायरीवर चढला नाही. त्यात चूक उतारा देणाऱ्याची होती, म्हणजे माझी.

म्हणून क्रम असा: उतारा आठ दिवस आधी. कठीण नावं पेन्सिलने तोडून लिहायची, नबुखद्-नेस्सर. बुधवारी फोनवर एकदा ऐकायचं. शनिवारी माइकसमोर उभं करून, शेवटच्या बाकावर बसून ऐकायचं. माइकची उंची शनिवारीच ठरवायची. रविवारी वाचून खाली आल्यावर ‘शाब्बास’पेक्षा ‘त्या उताऱ्यात तुला काय वाटलं’ हे विचारा.

तपासा: मुलगा एखाद्या रविवारी आला नाही तर कुणाचं काम अडतं? कुणाचंच अडत नसेल तर त्याला अजून काम मिळालेलं नाही.

९. दृढीकरणाआधीचे सहा आठवडे

प्रत्येक मुलाशी पाळकांनी अर्धा तास बोलायचं, मंडपात किंवा अंगणात, लोकांच्या नजरेसमोर पण कानाआड. विचारायचे प्रश्न तीनच. येशू कोण आहे, तुझ्या शब्दांत? तुझ्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर अजून मिळालेलं नाही? आणि तुला हे आता करायचंय का, की थांबायचंय?

तिसरा प्रश्न मनापासून विचारा. ‘थांबतो’ म्हणणाऱ्या मुलावर घरून दबाव येणार हे नक्की. हॉल बुक झालेला असतो, पांढरा ड्रेस शिवून झालेला असतो, बिर्याणीची ऑर्डर गेलेली असते, मामा मुंबईहून निघालेले असतात. म्हणून पालकांची तिसरी बैठक या बोलण्याच्या आधी घ्या आणि तिथेच सांगून टाका: कुणी थांबलं तर ते नापास नाही, आणि तोवर कुणीही हॉल ठरवायचा नाही. माझ्या अनुभवात थांबलेली मुलं बहुतेक पुढच्या वर्षी स्वतः आली. ढकललेली मात्र दुसऱ्याच रविवारी दिसेनाशी झाली.

तोंडी परीक्षा घ्यायची रीत असेल तर घ्या, पण सोबत एक पानही लिहून घ्या: ‘मी काय मानतो’. मराठी, इंग्रजी, मिसळ, कसंही चालेल. शुद्धलेखन तपासायचं नाही. पान पाळकांकडे राहील, मंडळीत वाचून दाखवलं जाणार नाही, हे आधी सांगा, नाहीतर सगळ्यांची पानं सारखी येतात.

दिवसाची रंगीत तालीम शनिवारी. गुडघे कुठे टेकायचे, कोण आधी, नाव कोण पुकारणार, फोटोग्राफर कुठे उभा राहणार. फोटोग्राफरला वेदीच्या अलीकडेच थांबवा. हात डोक्यावर असताना चेहऱ्यात फ्लॅश मारला तर मुलाला पुढे तेवढंच आठवतं.

१०. पुढचे बावन्न रविवार

बिशपसाहेब गेले, मंडप उतरला. नेमका इथे आपण वर्ग बंद करतो.

दुसऱ्याच रविवारी त्याचं काम त्याच्याकडे आहे का, ते बघा. दर महिन्याला एकदा तोच वर्ग कुणाच्या तरी घरी भरवा. विषय त्यांनी निवडायचा आणि नाष्टाही त्यांनीच. आठव्या टप्प्यातला जोडीदार वर्षभर तोच ठेवा. युवकांचा एक प्रतिनिधी पंचकमिटीच्या बैठकीला बसू द्या. त्याला मताचा हक्क द्यायचा की नाही ते तुमच्या घटनेप्रमाणे ठरवा, पण बोलायला वेळ द्या.

बारावीनंतर पुण्याला, मुंबईला, नाशिकला जाणाऱ्यांसाठी वेगळी वही हवी, कारण मुलं सगळ्यात जास्त इथे हरवतात. होस्टेलचा पत्ता मिळाला की तिथल्या जवळच्या मंडळीच्या पाळकांना आपल्या पाळकांनी स्वतः फोन करायचा आणि मुलाचं नाव सांगायचं. सोबत शिफारसपत्र. नुसतं पत्र बॅगेच्या तळाशी राहतं. शक्य असेल तर पहिल्या रविवारी त्या मंडळीतल्या कुणीतरी होस्टेलच्या गेटवर येऊन मुलाला घेऊन जावं. नव्या शहरात एकट्याने अनोळखी चर्चची पायरी चढणं अठराव्या वर्षी फार जड जातं. दोन-तीन रविवार चुकले की मग कधीच जमत नाही.

तपासा: दिवाळीत आणि नाताळात घरी आलेल्या मुलांना शेवटची उपासना कुठे केली ते विचारा. उत्तर यायला वेळ लागला तर पुन्हा फोन करा, या वेळी तिथल्या पाळकांना.

११. जी आधीच गेली आहेत

पहिल्या परिच्छेदातली यादी अजून हातात असेल. तिच्यातली तीन नावं घ्या, सगळी नकोत. भेटायला त्याच्या आवडीचा शिक्षक पाठवा, पंच नको. चर्चचा विषय त्यानेच काढला तर बोलायचं, नाही काढला तर चहा पिऊन परत यायचं आणि महिन्याने पुन्हा जायचं.

कधीतरी एखादा येतो, बहुधा नाताळच्या आदल्या रात्री किंवा कुणाच्या तरी लग्नाला. फाटकापाशी ‘काय, आज रस्ता चुकलात वाटतं?’ असं म्हणणारे दोन-तीन काका प्रत्येक मंडळीत असतात. त्यांना आधीच बाजूला घेऊन सांगून ठेवा. त्याला साक्ष द्यायला उभं करू नका, नाव पुकारून स्वागत करू नका, टाळ्या नकोत. उपासना संपल्यावर चहाचे रिकामे कप गोळा करायचा ट्रे त्याच्या हातात द्या आणि किटली तुम्ही धरा.